पोस्टरवरून पुसलेली बिल्डिंग

मागच्या हिवाळ्यात मी एका वन्यजीव चित्रपट महोत्सवाची वेबसाइट करून दिली. फुकटात. ऑफिसातल्या मित्राने विचारलं, मला पक्ष्यांची आवड आहे, शनिवार-रविवार मोकळे होते, म्हणून हो म्हटलं. महोत्सवाचं नाव इथे लिहीत नाही. माझी तक्रार त्या एका महोत्सवापुरती नाही, तिथली माणसं भली आहेत, आणि जे झालं ते माझ्याच हातून झालं.

काम साधं होतं. चित्रपटांची यादी, वेळापत्रक, नोंदणीचा फॉर्म, 'पर्यावरण नेतृत्व' पुरस्कारासाठी नामांकनाचा फॉर्म आणि होमपेजवर एक मोठा फोटो. फोटो आला तो शिवडी-माहुलच्या खाडीतला. ओहोटीची वेळ, चिखलात हजारो फ्लेमिंगो, सगळे माना खाली घालून खाण्यात गुंग. मागे रिफायनरीच्या चिमण्या, गोल टाक्या आणि त्यांच्या शेजारी एकमेकींना चिकटलेल्या फिकट रंगाच्या इमारतींची रांग. सोबत एका ओळीचा निरोप : मागचं जरा क्लीन कर.

मी केलं. आता त्यासाठी फोटोशॉप शिकावं लागत नाही. नको असलेल्या भागावर बोट फिरवायचं, बटण दाबायचं, सॉफ्टवेअर तिथे आपल्या मनाने आकाश भरून देतं. चार सेकंद लागले. चिमण्या गेल्या, टाक्या गेल्या, इमारती गेल्या. त्यांच्या जागी सकाळचं गुलाबी धुकं आलं. फोटो सगळ्यांना फार आवडला. पोस्टरवर तोच गेला, बॅनरवर तोच, पाससोबत गळ्यात अडकवायच्या कार्डावरही तोच.

मी तो अभिमानाने व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला. रात्री शाळेतल्या एका मित्राच्या आईचा मेसेज आला.

"अरे, हे माहुलच ना? आमच्या गच्चीवरून दिसतात हे पक्षी. पण मग आमची बिल्डिंग कुठाय?"

मी उत्तर दिलं की फोटो वेगळ्या अँगलने काढलाय, लेन्स लांबची आहे, वगैरे. खोटं बोललो. काकूंनी विश्वास ठेवला आणि 'छान आलाय' म्हणून अंगठा पाठवला. त्या अंगठ्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्याही शिवीने वाटली नसती.

*

माहुल म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगायला हवं. मुंबईतल्या बऱ्याच वाचकांसाठीही सांगायला हवं, कारण चेंबूरहून वडाळ्याकडे जाणाऱ्या मोनोरेलच्या खिडकीतून 'भारत पेट्रोलियम' नावाचं स्टेशन दिसतं, गाव दिसत नाही.

माहुल हे कोळ्यांचं जुनं गाव. खाडीकाठचं. १९५४-५५च्या सुमारास त्याच्या उंबऱ्याशी दोन रिफायनऱ्या आल्या. तेव्हा त्या परदेशी कंपन्यांच्या होत्या, आज एक हिंदुस्तान पेट्रोलियमची आहे आणि दुसरी भारत पेट्रोलियमची. मग वीजकेंद्र आलं, खताचा कारखाना आला, तेल आणि रसायनं साठवायच्या टाक्या आल्या. देशाच्या प्रगतीच्या धड्यात हे सगळं येतं. गाव मात्र तिथेच राहिलं, टाक्यांच्या मध्ये, आणि त्याच हवेत.

२०१३मध्ये केईएम रुग्णालयाने माहुल आणि आंबापाडा इथल्या रहिवाशांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांनी सांगितलं की महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा श्वास लागतो. म्हणजे तीन माणसांच्या घरात दोघांना. गावातल्याच लोकांनी राष्ट्रीय हरित लवादात धाव घेतली. 'चारुदत्त कोळी विरुद्ध सी लॉर्ड कंटेनर्स' या नावाने तो खटला ओळखला जातो. डिसेंबर २०१५मध्ये लवादाने म्हटलं की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. ऑगस्ट २०२०मध्ये त्याच लवादाने दोन रिफायनऱ्या आणि साठवणूक करणाऱ्या दोन कंपन्या अशा चौघांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई लावली. रकमेवर वरच्या कोर्टात भांडता येतं. पण एका गावाने वर्षानुवर्षं कागद गोळा करून, तारखांना हजर राहून आपल्या हवेबद्दलचं सत्य सरकारी कागदावर आणलं, हे आता कुणाला पुसता येणार नाही. माझ्या त्या बटणालाही नाही.

आता तारखा नीट जुळवून पाहा. २०१५ला लवाद सांगतो की इथली हवा धोक्याची आहे. २०१७ला मुंबईच्या दुसऱ्या टोकांहून हजारो माणसं आणून त्याच हवेत ठेवली जातात.

काकू त्यांतल्याच. आम्ही घाटकोपरचे. मी चाळीतला, माझा मित्र पाइपलाइनजवळच्या वस्तीतला. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता. कारण सुरक्षेचं होतं आणि ते खोटं नव्हतं. पण घरं पाडल्यावर माणसांना कुठे पाठवायचं याचं जे उत्तर निघालं ते होतं माहुल : ७२ इमारती, हजारो छोटी घरं, एका बाजूला रिफायनरीची भिंत. घर गेलं तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगला होतो. मित्राने त्या सेमिस्टरला दोन विषय सोडले. कारण विचारलं तर म्हणाला, "सबमिशनच्या फाइली कुठल्या गोणीत गेल्या, सापडत नाहीत."

पुढचं बरंचसं बातम्यांत आलेलं आहे. ऑक्टोबर २०१८पासून माहुलमधली माणसं, त्यांतही बायका जास्त, विद्याविहारला पाइपलाइनपाशी रस्त्यावर येऊन बसली. पावसातही बसली. ऑगस्ट २०१८मध्ये भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला होता, चाळीसहून जास्त जण जखमी झाले होते. त्या दिवशी काकूंच्या घराची खिडकी कशी थरथरली ते मी त्यांच्याकडून ऐकलंय. २३ सप्टेंबर २०१९ला उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रकल्पग्रस्तांना माहुलला जायची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर देता येत नसेल तर महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्या. आणि २०२५मध्ये, रिकाम्या पडलेल्या घरांपैकी सुमारे नऊ हजार घरं महापालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकायला काढली. मुंबईत साडेबारा लाखांत घर! तरीही प्रतिसाद थंडच. मुंबईकर माणूस स्वस्त घर नाकारतो तेव्हा त्याने त्या हवेबद्दल मतदान केलेलं असतं.

काकू अजून तिथेच आहेत. निघणं जमलेलं नाही.

*

आता महोत्सवाकडे येतो.

सभागृह चांगलं होतं. एसी इतका की स्वेटर लागावा. पडद्यावर हिमबिबट्या आला, ऑलिव्ह रिडले कासवं आली, मग आमचा फ्लेमिंगो आला. सात-आठ मिनिटांचा लघुपट, वरून ड्रोनने घेतलेली गुलाबी नक्षी, बासरी. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग संवर्धनातल्या नेतृत्वाचे पुरस्कार झाले. ज्यांना मिळाले त्यांचं काम खरं होतं, त्याबद्दल माझी जराही कुरकुर नाही.

माझा प्रश्न फॉर्मबद्दल आहे, कारण फॉर्म मी लिहिला होता. नामांकनाच्या फॉर्ममध्ये एक ड्रॉपडाउन होता : संशोधन, छायाचित्रण, अधिवास संवर्धन, जनजागृती, युवा. त्याखाली एक अनिवार्य रकाना, लाल चांदणी असलेला : 'संवर्धित प्रजातीचे नाव'. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. ते व्हॅलिडेशन मीच टाकलं होतं आणि तपासलंही होतं. नीट चालत होतं.

आता कल्पना करा, माहुलच्या एखाद्या कोळ्याचं नाव कुणीतरी या पुरस्कारासाठी सुचवतंय. काम : दहा वर्षं खटला लढून खाडीकाठच्या हवेतली रसायनं मोजायला लावली. प्रजातीचं नाव? तो तिथे अडकतो. 'माणूस' लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न त्याला पडतो. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही एज केस सुटलेली नव्हती, ती डिझाइनमध्येच बसत नव्हती. आणि डिझाइन म्हणजे काय? आपल्या डोक्यात जग कसं आहे याचा नकाशा. आमच्या नकाशात निसर्ग एका खोलीत होता आणि वस्ती दुसऱ्या खोलीत.

माझा मुद्दा एवढाच आहे : ही दोन खोल्यांची कल्पनाच खोटी आहे, आणि वन्यजीव महोत्सव ती दरवर्षी नव्याने रंगवून देतात.

*

फ्लेमिंगोंपासूनच सुरुवात करू. ते माहुलच्या चिखलात कशासाठी येतात? निसर्ग परत आलाय म्हणून, असं आपल्याला वाटतं. मुंबईच्या खाड्यांत ते मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९०च्या दशकापासून. त्यांतले बहुतेक छोट्या जातीचे, मराठीत ज्यांना छोटा रोहित म्हणतात ते. हा पक्षी चोच उलटी पाण्यात घालून गाळणीसारखं पाणी गाळतो आणि बारीक निळं-हिरवं शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. आणि शेवाळ कशावर वाढतं? खाडीत सोडलेल्या सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. मुंबईतल्या फ्लेमिंगोंच्या गर्दीला हेही एक कारण असावं, असं पक्षी अभ्यासक बरीच वर्षं सांगत आलेत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जानेवारी २०१९मध्ये मोजणी केली तेव्हा मुंबईच्या परिसरात १ लाख २० हजारांच्या आसपास फ्लेमिंगो निघाले. ठाणे खाडी २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२मध्ये रामसर यादीत गेली. आनंदाचीच गोष्ट आहे. पण हा पक्षी म्हणजे स्वच्छ निसर्गाचं प्रमाणपत्र नाही. तो आपल्याच शहराची लॅब रिपोर्ट आहे, गुलाबी कागदावर छापलेली.

म्हणजे पोस्टरवरून मी जे पुसलं तो त्या पक्ष्याचा शेजार होता. चिमण्या, टाक्या, वस्ती, गटारं हेच त्याच्या अधिवासाचं खरं वर्णन आहे. ते काढून टाकल्यावर जे उरलं त्याला वन्यजीव म्हणायचं की वॉलपेपर, हे तुम्हीच ठरवा.

चिमण्यांसकट काढलेले फ्लेमिंगोंचे फोटोही खूप आहेत, हे मला माहीत आहे. पण त्यांत चिमणी येते ती 'कॉन्ट्रास्ट' म्हणून. पुढे गुलाबी, मागे काळं, फ्रेम मस्त. त्या काळ्याच्या पायथ्याशी कुणीतरी डबा भरतंय, कुणाचा तरी मुलगा नेब्युलायझर लावून बसलाय, हे त्या कॉन्ट्रास्टमध्येही येत नाही. पुसणं आणि सजावट म्हणून वापरणं, या दोन्हींत माणूस सारखाच गायब असतो.

*

आता यावर काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, कारण महोत्सवाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा मला ते म्हटलं गेलं.

पहिलं : वन्यजीव महोत्सवाने वन्यजीवच दाखवावेत. माणसांसाठी दुसरे महोत्सव आहेत.

२० मे २०२४ची रात्र आठवा. घाटकोपर पूर्वेला, उतरणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला आणि चाळीसच्या आसपास पक्षी वस्तीत कोसळून मेले. माझ्या घरापासून फार लांब नाही ते. दुसऱ्या दिवशी वनखातं, पक्षी अभ्यासक, चॅनेलवाले सगळे धावले. थवा त्या वाटेला का गेला, कुठल्या पाणथळ जागेवरून उडाला, दिव्यांचा परिणाम असेल का, याची चर्चा कित्येक दिवस चालली. मलाही वाईट वाटलं होतं, आणि ती चर्चा व्हायलाच हवी होती. पण त्या चर्चेत एक गोष्ट सगळ्यांनी न सांगता मान्य केली होती : पक्ष्याचं आयुष्य खाडी, इमारती, दिवे, विमानतळ या सगळ्यांशी जोडलेलं आहे. मग पक्षी मेल्यावर जे कळतं ते पक्षी जिवंत असताना पडद्यावर का चालत नाही? खाडीवरची हवा पक्ष्यासाठी वेगळी आणि काकूंसाठी वेगळी नसते.

दुसरं : सुंदर दाखवलं की लोक प्रेम करतात, प्रेम केलं की वाचवतात. प्रदूषण दाखवलं की लोक चॅनेल बदलतात.

हा मुद्दा वजनदार आहे, म्हणून त्याच्याच मैदानात उत्तर देतो. भारतात वन्यजीवपटाने कायदा बदलल्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे माइक पांडे यांचा २०००चा 'शोअर्स ऑफ सायलेन्स'. गुजरातच्या किनाऱ्यावरची देवमुशांची, म्हणजे व्हेल शार्कची, कत्तल त्यात होती. पुढच्याच वर्षी, २००१मध्ये, देवमुशीला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. त्या चित्रपटाने काय दाखवलं? निळ्या पाण्यात संथ पोहणारा मासा एवढंच? नाही. रक्ताने लाल झालेला किनारा दाखवला, माशाचे तुकडे करणारे हात दाखवले, त्यामागचा बाजार दाखवला. क्लीन केलं असतं तर कायदा बदलला नसता. आणि कायद्यानंतरचं काम कुणी केलं? मच्छिमारांनीच. जाळ्यात आलेला मासा जाळं कापून सोडणारे तेच. आपल्या महाराष्ट्रात २०१८पासून संरक्षित जीव सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी मच्छिमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासव वाचवायचं तर कोळ्याच्या जाळ्याचा हिशेब करावा लागतो, हे सरकारी योजनेला कळलंय. महोत्सवाच्या फॉर्मला कळायचंय.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स'. दिल्लीच्या एका तळघरात जखमी घारींवर उपचार करणारे दोन भाऊ. काळवंडलेलं आकाश, पावसात तुंबलेली गल्ली, शहरातलं तापलेलं राजकारण, आणि या सगळ्यातून उडणारी घार. सनडान्स आणि कान या दोन्ही ठिकाणी २०२२मध्ये त्याला मोठे पुरस्कार मिळाले, ऑस्करसाठी नामांकनही मिळालं. लोकांनी चॅनेल बदललं नाही. प्रेक्षक कच्चा आहे हे आपण आपल्या सोयीसाठी ठरवलेलं असतं.

तिसरं : पेट्रोल तूही जाळतोस.

जाळतो. माझी बाइक आहे. ऑफिसला ती काढतो, कारण सकाळी नऊची लोकल मला झेपत नाही. त्या टाकीतलं पेट्रोल माहुलच्याच एखाद्या टाकीतून आलेलं असू शकतं. म्हणूनच मला वाटतं की ती टाकी फोटोत असली पाहिजे. मला स्वतःला निष्पाप निसर्गप्रेमी म्हणून पडद्यासमोर बसता येऊ नये, एवढी तरी व्यवस्था असावी. रिफायनरी उद्या बंद करा असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की तिची किंमत कोण चुकवतंय ते झाकू नका.

चौथं, आणि हे एका मैत्रिणीने म्हटलं, मला सगळ्यांत पटलेलं : मग तुम्ही माहुलच्या लोकांचं दुःख शूट कराल, खोकणाऱ्या म्हाताऱ्यांचे क्लोजअप घ्याल, त्यावरही बासरी वाजेल, त्यालाही टाळ्या पडतील. त्याने काय होणार?

ती बरोबर बोलली. फ्लेमिंगोच्या जागी गरीब माणूस ठेवला तर फ्रेम बदलते, बघणारा तोच राहतो. म्हणून नुसतं 'त्यांनाही दाखवा' एवढी माझी मागणी नाही. दाखवायचं काय ते त्यांना ठरवू द्या. खाडी वाचायची कोळ्याइतकी कुणाला येते? भरती-ओहोटी, कुठला चिखल पूर्वी कसा होता, कुठली मासळी आधी यायची आणि आता येत नाही, पाण्याला वास कुठल्या दिवशी येतो, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. आपल्या चित्रपटांत त्याचं काम काय असतं? होडी चालवणं. श्रेयनामावलीत शेवटून तिसरी ओळ : 'स्थानिक सहकार्य'. ज्याला खाडीचा पन्नास वर्षांचा डेटा तोंडपाठ आहे त्याला आपण ड्रायव्हरचं मानधन देतो आणि ज्याने तीन आठवडे ड्रोन उडवला त्याला 'खाडीचा आवाज' म्हणतो.

*

नेतृत्व हा शब्दही जरा तपासून बघायला हवा. आमच्या मंचावर जे नेते आले त्यांच्याकडे काही समान गोष्टी होत्या : एक संस्था, एक वेबसाइट, इंग्रजीत लिहिलेला दीड पानी परिचय, चांगला फोटो. यात त्यांचा दोष नाही. पण ज्या नेतृत्वाकडे हे चारही नसतं ते आपल्याला दिसतच नाही. ज्या बाई सकाळी सहाला चार घरची भांडी घासून दुपारी आंदोलनाला येऊन बसायच्या, त्यांनी एका महानगराला प्रश्न विचारला : राहण्यालायक हवा हा घराचा भाग आहे की नाही? आणि उच्च न्यायालयाकडून उत्तर घेतलं. त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये खारफुटीबद्दल सांगितलं होतं की तिचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग. खारफुटीच्या निकालाला आपण पर्यावरणाचा विजय म्हणतो. माहुलच्या निकालाला मात्र 'झोपडपट्टी पुनर्वसनाचा प्रश्न'. दोन्ही निकाल एकाच शहराचे आहेत. पहिल्यातलं झाड आपलं, दुसऱ्यातला माणूस मात्र दुसऱ्या खात्याचा.

महोत्सव नकोत असं मला म्हणायचं नाही. पुण्यातला किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव लहान शहरांपर्यंत पोचला, तिथल्या कॉलेजच्या पोरांनी पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर नदी पाहिली, त्यांतली काही पुढे नदीसाठी कामाला लागली. 'सँक्च्युअरी'चे पुरस्कार जंगलातल्या वनरक्षकांपर्यंत पोचले. या परंपरेतूनच मला पक्ष्यांचं वेड लागलं. म्हणून तर चिडतो. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याच्यावर कोण एवढं लिहील?

मागण्या साध्या आहेत, कुठल्याही महोत्सवाला एका वर्षात जमतील अशा.

फोटोतलं आणि फिल्ममधलं काही पुसलं असेल तर ते सांगा. वन्यजीव छायाचित्रणाच्या स्पर्धांत काही घालणं-काढणं चालत नाही, मूळ फाइल मागतात. पक्ष्याचं एक पीस हललं तर फोटो बाद होतो. मग ७२ इमारती हलल्या तर का चालतं?

फॉर्ममधली लाल चांदणी काढा. प्रजातीच्या रकान्याऐवजी विचारा : तुमच्या कामाने कुठली जागा बदलली?

प्रायोजक कोण, किती पैसे दिले, हे वेबसाइटवर लिहा. मी कुणावर आरोप करत नाही. पण हवेबद्दलच्या महोत्सवाचं बिल कोण भरतं हे हवा घेणाऱ्याला कळायला हवं.

ज्या खाडीवर फिल्म केली त्या खाडीकाठी ती आधी दाखवा. माहुलच्या बिल्डिंगांमधल्या मोकळ्या जागेत एक पडदा, एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर, खाली सतरंज्या. गणपतीत मंडळं एका संध्याकाळीत करतात एवढी तयारी. फिल्म संपल्यावर दिग्दर्शकाने तिथे उभं राहून प्रश्न घ्यावेत. काकू विचारतील, "आमची बिल्डिंग कुठाय?" त्याचं उत्तर तयार ठेवून यावं. मला देता आलं नव्हतं.

आणि तुम्ही, जे हे बसमध्ये किंवा लंच ब्रेकमध्ये फोनवर वाचताय : पुढच्या वेळी कुठलाही वन्यजीवपट पाहिलात, रील असो की फीचर, तर एकच प्रश्न विचारा. कॅमेरा जरा डावीकडे वळवला असता तर काय दिसलं असतं? प्रश्नोत्तरांत विचारा, कमेंटमध्ये विचारा. आगाऊपणा वाटेल, वाटू दे.

*

या वर्षी पुन्हा निरोप आला. साइट तूच करशील ना? मी हो म्हटलंय, दोन अटींवर. होमपेजवर मूळ फोटो जाईल, आणि फॉर्म मी बदलेन. उत्तर यायचंय. नाही म्हणाले तर त्यांना दुसरा इंजिनिअर मिळेल, आमची काही कमी नाही. पण त्यालाही हे वाचायला पाठवीन.

मूळ फाइल माझ्या लॅपटॉपवर होतीच. गेल्या आठवड्यात मी ती काकूंना पाठवली आणि लिहिलं, "मागच्या वेळी खोटं बोललो. बिल्डिंग मीच पुसली होती." बराच वेळ ब्लू टिक नव्हती. रात्री उशिरा फोटो परत आला. त्यांनी मोबाइलवरच बोटाने चिमणीच्या डावीकडे, चौथ्या मजल्यावर, एक वेडावाकडा लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं :

"ही आमची खिडकी. आता बरोबर आलाय."